पद पुरं होऊ द्या: संगीत चरित्रपट करणाऱ्यांना एक खुले पत्र

मराठीत संगीत चरित्रपट करणारे निर्माते, दिग्दर्शक, पटकथालेखक आणि संगीतकार यांना,

सप्रेम नमस्कार.

२०११ च्या मे महिन्यात 'बालगंधर्व' आला. पुढे २०२२ साली 'मी वसंतराव', २०२३ साली 'महाराष्ट्र शाहीर' आणि २०२४ साली 'स्वरगंधर्व सुधीर फडके'. हे चारही चित्रपट मी थिएटरात जाऊन पाहिले आणि त्यांतले काही पुन्हा पाहिले. मी नाट्यसंगीत शिकले आणि आता घरी मुलामुलींना शिकवते. गवयांच्या आणि शाहिरांच्या आयुष्यावर तुम्ही चित्रपट करता याचा मला मनापासून आनंद आहे. त्या आनंदापोटीच काही गोष्टी स्पष्ट बोलायच्या आहेत. सगळ्यात जास्त मी 'बालगंधर्व'बद्दल बोलणार आहे, कारण या प्रकारात काय साधतं आणि काय निसटतं, हे मला त्या एका चित्रपटात सगळ्यात ठळक दिसलं.

आधी साधलं ते. पुरुषानं लुगडं नेसून स्त्रीभूमिका करणं आजच्या प्रेक्षकाला विनोदी कार्यक्रमांमधूनच माहीत आहे. अशा प्रेक्षकासमोर नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, उभे करायचे आणि थिएटरात कुणी हसता कामा नये, हे किती अवघड होतं! सुबोध भावे यांनी ते केलं. पदर सावरण्यात, मान किंचित कलती ठेवण्यात, बसता-उठताना वेळ घेण्यात त्यांनी कुठेही नखरा येऊ दिला नाही. मी गेले होते त्या खेळाला मागच्या रांगेत कॉलेजची मुलं होती. पहिल्या प्रवेशाला त्यांची थोडी कुजबुज झाली, मग ती थांबली. नीता लुल्ला यांच्या वेशभूषेला आणि विक्रम गायकवाड यांच्या रंगभूषेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, ते योग्यच झालं. कापड, दागिने, अत्तर, रंगमंचाची सजावट यांवर पैसा पाण्यासारखा ओतणाऱ्या आणि त्यापायी कर्जात बुडणाऱ्या गंधर्व नाटक मंडळीचं वैभव पडद्यावर दिसणं गरजेचं होतं. दिग्दर्शक रवी जाधव आणि दिवंगत निर्माते नितीन चंद्रकांत देसाई यांनी त्यात कसूर केली नाही.

आणि आनंद भाटे यांचा आवाज. त्या गायनालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण पुरस्कार नसता तरी मी हेच लिहिलं असतं. बालगंधर्वांची नक्कल करणारे गळे महाराष्ट्रात आणि गोव्यात पुष्कळ झाले. बहुतेकांनी त्यांचा लाडिकपणा तेवढा उचलला. शब्द ओढले, शेवटचं अक्षर लाडात घेतलं आणि झाले बालगंधर्व! भाट्यांनी लय उचलली. बालगंधर्वांचं पद संथ वाटतं, पण आतून ते घट्ट विणलेलं असतं. शब्द मात्रेच्या जरा अलीकडे-पलीकडे पडतो आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, अगदी सहज येऊन बसतो, जणू दुसरीकडे कुठे जायचंच नव्हतं. तान आली तरी ती शब्दाला ढकलून पुढे येत नाही. भाट्यांनी हे इतक्या जबाबदारीनं केलं की पडद्यावर ओठ एकाचे आणि गळा दुसऱ्याचा आहे, हे काही क्षण मी विसरून गेले. चित्रपट आल्यावर माझ्याकडे नवी मुलं आली. ज्यांच्या घरात नाट्यसंगीताचा वारासुद्धा नव्हता, अशा घरांतली. "ते पिक्चरमधलं पद शिकवा" म्हणाली. हे श्रेय सर्वस्वी तुमचं.

पण त्या मुलांना पद येत होतं ते पिक्चरमध्ये होतं तेवढंच. मुखडा, एखादी हरकत, बस्स. मुखड्यानंतर पदाचा पुढचा भाग, म्हणजे अंतरा, आहे हेच अनेकांना ठाऊक नव्हतं.

माझं मुख्य म्हणणं इथे येतं. बालगंधर्व आज आपल्याला कसे माहीत आहेत? तबकड्यांमधून. त्या काळच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. नाट्यगृहात जे पद वन्समोअर घेत घेत पंधरा-वीस मिनिटं चालायचं, ते तबकडीवर घाईघाईनं आवळून बसवावं लागे. रात्री सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चाले. तोच वन्समोअर चौथ्यांदा आला की ते तेच पद वेगळ्या अंगानं मांडत, असं त्यांना ऐकलेल्या पिढीनं लिहून आणि सांगून ठेवलं आहे. ती पिढी आता राहिली नाही. म्हणजे ज्या गाण्यानं महाराष्ट्र वेडा झाला होता, ते गाणं आपल्यापैकी कुणीही ऐकलेलं नाही. आपण ऐकला तो त्याचा आटवलेला नमुना.

चित्रपटाला ही अडचण नव्हती. दोन-सव्वादोन तास हातात, भाट्यांसारखा गवई हाताशी, आजचं ध्वनिमुद्रण दिमतीला. तबकडीनं जे कापलं ते परत जोडून दाखवण्याची शंभर वर्षांतली ही पहिली मोठी संधी होती. पण चित्रपटातली बहुतेक पदं तबकडीपेक्षाही तोकडी झाली. मुखडा गळ्यातून सुटतो, प्रेक्षागृहातली मुग्ध माणसं दिसतात, टाळ्या पडतात आणि पुढचा प्रसंग येतो. ज्याचं गाणं ऐकून लोक मुग्ध झाले त्याचं गाणं आपल्याला ऐकू येण्याआधीच त्यांची मुग्धता दाखवली जाते. मग त्या टाळ्यांवर आम्ही विश्वास ठेवायचा तो पटकथेनं सांगितलं म्हणून.

यावर तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. पूर्ण पद ठेवलं तर कथा थांबते, आजचा प्रेक्षक उठून जातो. मला हे पटत नाही. कथा थांबते ती गाण्यात काही घडत नसेल तेव्हा. 'स्वयंवर' नाटकातलं, यमनातलं 'नाथ हा माझा' घ्या. रुक्मिणी तिच्या मनातल्या कृष्णाबद्दल बोलते आहे. पहिल्या ओळीत ती जे सांगते, ते चौथ्यांदा त्याच ओळीवर परतताना ती स्वतःलाच सांगू लागते. लाज कमी झालेली असते, हक्क वाढलेला असतो. हा बदल गाणाऱ्याच्या गळ्यात होतो, संवादात होत नाही. भास्करबुवा बखले यांच्यासारख्या गुरूनं चाली दिल्या त्या उगीच नाहीत. पद हाच प्रवेश असतो. तो अर्ध्यावर तोडला की रुक्मिणी तिथेच राहते आणि बालगंधर्व नटही राहत नाहीत, नुसते गोड गळ्याचे गृहस्थ उरतात.

१९११ मध्ये 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली, आणि तरी त्यांनी भामिनीची भूमिका केली. ही हकीकत मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते आणि चित्रपटातही ती आहे. मला त्या प्रसंगात एकच हवं होतं. त्या रात्रीचं एक पद, पहिल्या सुरापासून शेवटच्या समेपर्यंत, मध्ये कसलीही काटछाट नाही. दुःखाचे संवाद नकोत, पार्श्वसंगीत नको, आठवणींची दृश्यं नकोत. मूल गेलेला बाप हसऱ्या मुलीचं लाडिक पद पुरं गातो आणि आपण त्याच्याकडे पाहत बसतो. एवढ्यानं काय झालं असतं, हे मी सांगायला नको.

'मी वसंतराव'नं हे बऱ्याच अंशी ओळखलं होतं, म्हणून तो चित्रपट मला जास्त जवळचा वाटतो. दिग्दर्शक निपुण धर्माधिकारी यांनी गाण्याला वेळ दिला. लाहोरमध्ये असद अली खाँसाहेबांनी तरुण वसंतराव देशपांड्यांना महिनोन्‌महिने मारवा हा एकच राग शिकवला, ही ऐकीव गोष्ट तिथे प्रत्यक्ष घडताना दिसते. मारव्यात षड्ज, म्हणजे 'सा', हरवल्यासारखा वाटतो, गाणाऱ्याला टेकायला जागा मिळत नाही. आधार नसलेल्या मुलाला आधार नसलेला राग मिळतो, हे पाहताना राग म्हणजे काय हे प्रेक्षकाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. आईच्या भूमिकेत अनिता दाते यांनी जो कणखरपणा आणला आहे, त्यानं पूर्वार्ध तोलून धरला आहे. लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी करत, बदल्या सोसत, गाणं अंगात जिवंत ठेवणारा माणूस मराठी पडद्यानं असा कधी दाखवला नव्हता. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वसंतरावांची भूमिका करणारे त्यांचे नातू राहुल देशपांडे स्वतः गातात. श्वास घेणारा आणि सूर लावणारा एकच माणूस असल्यानं मानेची शीर, डोळ्यांची उघडझाप, सुराआधीची क्षणभराची चलबिचल हे सगळं खरं येतं. गायनासाठी त्यांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

तरी उत्तरार्धात हा चित्रपटही सैल पडतो. जवळजवळ तीन तासांच्या खेळात शेवटचा बराच भाग 'कट्यार काळजात घुसली' या नाटकापर्यंत पोचण्याच्या तयारीत जातो. १९६७ सालचं ते यश आपल्याला आधीच ठाऊक आहे. त्या नाटकातल्या खाँसाहेबांची भूमिका मिळाली, लोकांनी डोक्यावर घेतलं, म्हणजे आयुष्याचं सार्थक झालं, हा शेवट फार सोपा आहे. घराणं नाही म्हणून ज्याला आयुष्यभर बाजूला बसवलं, त्याचा सल एका नाटकाच्या टाळ्यांनी गेला असेल का? त्यानंतरही वसंतराव सोळा वर्षं जगले, गायले. ती वर्षं मला पाहायची होती.

तुमच्यापैकी कुणाला वाटेल की ही बाई जुन्याच्या प्रेमात आहे. थोडी आहेच. १९३६ सालचा प्रभातचा 'संत तुकाराम' मी मुलांना मुद्दाम दाखवते. विष्णुपंत पागनीसही मूळचे स्त्रीभूमिका करणारे नट. त्यांचे तुकोबा गायला लागतात तेव्हा आता गाणं आलं असं वाटत नाही, बोलता बोलता ते अभंगात शिरलेले असतात. केशवराव भोळे यांनी चाली साध्या ठेवल्या, ताना-मुरक्यांचा सोस केला नाही. 'आधी बीज एकले' ही रचना शांताराम आठवले यांची, पण कितीतरी लोक तिला तुकोबांचाच अभंग समजत आले. इतकी ती त्या माणसात मिसळून गेली. आणि गौरीबाईंची आवली! नवऱ्याच्या भक्तीवर ती रागावते, शिव्या घालते, कारण घरात दाणा नाही. संतपटात संताला असं खडसावणारं माणूस दिग्दर्शक दामले-फत्तेलाल यांनी ठेवलं, म्हणून तुकोबा माणूस राहिले. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली त्या चित्रपटाचा गौरव झाला तो काही आपल्या भक्तीला पाहून झाला नसावा.

आपल्या आजच्या चरित्रपटांत असं खडसावणारं माणूस कमी झालं आहे. त्याऐवजी नामवंतांची ये-जा वाढली आहे. दार उघडतं, कुणीतरी आत येतं, दुसरं कुणी त्यांचं आडनाव घेऊन स्वागत करतं, थिएटरात टाळी पडते, आणि पुढच्या मिनिटाला ते गेलेले असतात. पु. ल., गदिमा, मास्टर दीनानाथ, सानेगुरुजी ही माणसं आपल्याला प्रिय आहेत हे खरं. पण त्यांना पाहून ओळख पटल्याचा आनंद होतो, कथेत काही घडत नाही. तेच मिनिट साथीदारांना द्या ना! अहमदजान थिरकवाँसारखा तबलजी आणि कादरबक्षांसारखा सारंगिया बालगंधर्वांच्या साथीला होता. नाटकाला असली साथ जगात आणखी कुणाला मिळाली असेल? गवई सुरात कुठे वळणार हे सारंगियाला क्षणभर आधी कळतं. थिरकवाँचा ठेका पदाला कसा उचलून धरतो हे नुसतं दाखवलं तरी प्रेक्षक लय शिकेल. 'बालगंधर्व' दोनदा पाहूनही या दोघांच्या हातांचं एकही जवळचं दृश्य माझ्या लक्षात राहिलेलं नाही. साथीदार मागे बसतात म्हणून कॅमेऱ्यानंही त्यांना मागेच ठेवावं असं नाही.

आता जरा नाजूक विषय. 'मी वसंतराव'मध्ये नातू आजोबांची भूमिका करतो, 'महाराष्ट्र शाहीर' हा शाहीर साबळ्यांचे नातू केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केला. नातवानं आजोबांवर चित्रपट करणं यात मला काही वावगं वाटत नाही. उलट घरातल्या गोष्टी, चाली, जुने फोटो, बोलण्याची ढब हे सगळं त्यांच्याकडेच असतं. 'महाराष्ट्र शाहीर'मध्ये शाहिरांच्या पत्नी भानुमतीबाईंना जी जागा मिळाली ती घरच्याच माणसानं दिली. भानुमतीबाई स्वतः लिहीत होत्या, त्यांच्या शब्दांवर शाहिरांचं गाणं उभं राहिलं, हे पुष्कळांना त्या चित्रपटामुळे प्रथमच समजलं. पण माया जशी दार उघडते तशी काही खोल्या बंदही ठेवते. भांडण दिसतं, पण त्यात चूक कुणाची हे धूसर राहतं. व्यसन, पैसा, बायकोवरचा अन्याय, सहकाऱ्याला दिलेला दगा यांच्यापाशी कॅमेरा पोचतो आणि लगेच गाणं सुरू होतं. गाणं ही लपण्याची जागा झाली की मला वाईट वाटतं. इतर ठिकाणी ज्याला वेळ नाही म्हणून कापलं, तेच इथे पांघरूण म्हणून वापरलं जातं.

'बालगंधर्व' हा घरच्यांचा चित्रपट नव्हता, तरी त्यातही हे झालं. १९३८ च्या सुमारास गायिका गोहरबाई कर्नाटकी बालगंधर्वांच्या आयुष्यात आल्या. त्यानंतर बालगंधर्व जवळपास तीस वर्षं जगले. पन्नाशीला आलेला नट, शरीर जड झालेलं, बोलपटांनी प्रेक्षक नेलेला, डोक्यावर कर्ज. ज्या स्त्रीभूमिकांवर आयुष्य उभं राहिलं त्या आता गोहरबाई करू लागल्या. पुढे दोघांनी लग्न केलं. कितीतरी चाहत्यांनी तोंड फिरवलं, कुणी गोहरबाईंना लुटारू ठरवलं, कुणी त्यांचा धर्म काढला. पद्मभूषण मिळालं तेव्हा बालगंधर्व परावलंबी झाले होते. गोहरबाई त्यांच्या आधी गेल्या आणि १९६७ मध्ये तेही गेले. या सगळ्या काळाला चित्रपटात फारच थोडी जागा मिळाली. वैभव पुरेपूर आणि उतार ओझरता, असं माप का? बालगंधर्वांना कमीपणा येईल म्हणून? ज्या माणसानं मुलीच्या मृत्यूनंतर रंगमंचावर पाऊल ठेवलं, त्याला आपण सांभाळून घ्यायची गरज नाही.

गेल्या पंधरा वर्षांतले मी सांगितलेले चारही चित्रपट पुरुषांवर आहेत. बालगंधर्व तर स्त्रीभूमिकांसाठीच अजरामर झाले. पण ज्या बायकांनी पुढे येऊन स्वतः गायलं, स्वतःच्या नावानं रंगमंच गाजवला, त्यांच्यावर असा भरजरी मराठी संगीत चरित्रपट कुठे आहे? हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटक कंपनी काढून स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनाच दिल्या. केसरबाई केरकरांच्या 'जात कहाँ हो'ची ध्वनिमुद्रिका १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. गायिका मोगुबाई कुर्डीकरांचं गोव्यातलं कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की त्याचे अवशेष वर येतात. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर खेळ चालू असताना बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. या बायांच्या आयुष्यात नाट्य शोधावं लागत नाही. त्यांच्या गाण्यासाठी मात्र वेळ द्यावा लागेल. जयपूर घराण्याचा ख्याल मिनिटभरात दाखवता येत नाही, आणि फडावरची लावणीही बोर्डावर जशी रंगत जाते तशीच दाखवायला हवी.

माझी विनंती गोहरबाईंबद्दल आहे. बिळगीच्या एका घरातल्या दोन गाणाऱ्या बहिणी. अमीरबाई हिंदी चित्रपटांत पार्श्वगायिका म्हणून 'किस्मत'च्या काळात देशभर पोचल्या. गोहरबाईंनी बालगंधर्वांची गायकी इतकी आत्मसात केली की त्यांची पदं गातच त्या नावारूपाला आल्या. मग ज्याचं गाणं गळ्यात मुरवलं, त्याच्याच मंडळीत त्या त्याच्या भूमिकांमध्ये उभ्या राहिल्या. आयुष्यभर पुरुषानं बाई होऊन गायलेलं पद आता बाई गाते आहे, आणि तो पुरुष जवळच बसून ऐकतो आहे. भाषा कानडी, धर्म मुसलमान, प्रेक्षक मराठी आणि रागावलेला. तुमच्यापैकी कुणाला संगीत चरित्रपट करायचा असेल तर याहून मोठा विषय मला ठाऊक नाही. त्यासाठी बालगंधर्वांना खलनायक करू नका आणि गोहरबाईंना देवीही करू नका. बालगंधर्वांच्या पहिल्या पत्नी लक्ष्मीबाईंचं दुःखही त्यात पुरतं येऊ द्या. स्वतः गाणारी, निदान गाण्याचा श्वास कळणारी नटी शोधा. त्यांच्या तबकड्या ज्यांच्या संग्रहात आहेत त्यांच्याकडे आधी जा, संहिता नंतर लिहा. आणि त्या मंडळीत त्यांनी पहिल्यांदा पद म्हटलं ती रात्र चित्रित कराल तेव्हा संकलकाला सांगा, की अंतऱ्यावर कात्री लावायची नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
नाट्यसंगीत शिकवणारी एक बाई